टोकन देण्याआधी

घर नुसतं पाहून येऊ म्हणून सकाळी निघालेलं कुटुंब संध्याकाळी घर बुक करून परततं, हे पुण्यात आता सर्रास झालं आहे. बाणेरला एक, वाकडला दोन सॅम्पल फ्लॅट पाहून होतात, मुलांना स्विमिंग पूल आवडतो आणि टेबलापलीकडचा तरुण नम्रपणे सांगतो, "सर, या रेटला शेवटची दोनच युनिट्स राहिलीत. एक तारखेपासून रेट वाढतोय. आज टोकन दिलंत तर मी मॅनेजमेंटशी बोलून हाच रेट धरून ठेवतो." मोबाईलवरून एक लाख रुपये जातात. वकील, बँक, पाणी कुठून येतं याची चौकशी, हे सगळं त्यानंतर सुरू होतं. तोवर पैसे अडकलेले असतात, आणि अडकलेल्या पैशांमुळे दिसलेल्या अडचणीही माणूस मनाआड करतो.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी बरीच वर्षं आहे. फ्लॅट विकणारे आणि घेणारे, दोघांचेही कागद आमच्याकडे येतात आणि दोघांचीही रडगाणी कानावर पडतात. त्यावरून माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की घर पसंत पडणं आणि टोकन देणं यांच्यात पंधरा दिवस जाऊ द्या. विकणाऱ्यांनी जाहिरात देण्याआधी एक महिना आपल्याच कागदांना द्यावा. व्यवहार चांगला होणार की फसणार, हे बहुतेक वेळा याच दिवसांत ठरतं.

आधी बाजाराबद्दल थोडं. कोविडच्या काळात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात सूट दिली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० तीन टक्के आणि पुढचे तीन महिने दोन टक्के. दुय्यम निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या आणि तिथून बाजार जो उठला तो वर्षानुवर्षं चढाच राहिला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तरी घरं विकली जातच होती. २०२५ मध्ये दर उतरू लागले आणि डिसेंबरात रेपो सव्वापाचवर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रेडी रेकनरचे दर वाढले, पुणे महापालिका हद्दीत सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के. म्हणजे कर्ज स्वस्त झालं आणि सरकारी मूल्यांकन महागलं.

दुसरी घडामोड अशी की डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली आणि बांधकामाला जास्त एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा, मिळू लागला. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगरमधल्या तीन मजली सोसायट्या पाडून तिथे दहा-बारा मजले उभे राहू लागले. तिकडे वाघोली, हिंजवडी, ताथवडे, उंड्री भागांत टॉवरच टॉवर झाले. 'पुण्याचा भाव' असं आता काही उरलेलं नाही. मेट्रो स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरचं घर आणि त्याच वॉर्डातलं अरुंद रस्त्यावरचं घर यांच्या भावांत मोठं अंतर असतं. म्हणून 'पुण्यात भाव वाढणारच' या वाक्यावर निर्णय घेऊ नका. तुमच्या पसंतीच्या इमारतीत आणि शेजारच्या चार इमारतींत काय चाललंय, तेवढंच तुमच्या कामाचं आहे.

ते कळायला एजंट लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' म्हणून विनाशुल्क सेवा आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या मिळकतीवर नोंदवलेल्या दस्तांची यादी दिसते. प्रत्येक दस्ताचं 'सूची क्रमांक दोन' उघडतं, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. एक पानी कागद आहे, पण तो नीट वाचायला शिका. सुरुवातीला दस्ताचा प्रकार असतो, करारनामा की खरेदीखत की आणखी काही. मग 'मोबदला', म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत, आणि त्याखाली 'बाजारभाव', म्हणजे रेडी रेकनरनुसार निघालेलं मूल्य. मग सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ. पुढे लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं, दस्ताची आणि नोंदणीची तारीख, भरलेलं शुल्क. एजंट सांगतो, "या बिल्डिंगमध्ये नव्वदच्या खाली काही नाही", आणि मागच्या सहा महिन्यांतले तीन दस्त काढले तर मोबदला ऐंशीच्या आसपास दिसतो. विकणाऱ्यानं मागितलेली किंमत आणि नोंदलेली किंमत यांतला फरक असा घरबसल्या कळतो. क्षेत्रफळ कार्पेट लिहिलंय की बांधीव, हे मात्र तपासून मगच भागाकार करा. आणि काही व्यवहारांत रोखीची रक्कम दस्तात येत नाही, म्हणून एकाच दस्तावर विसंबू नका, तीन-चार पाहा.

क्षेत्रफळाचा घोळ अजून संपलेला नाही. २०१६ चा रेरा कायदा सांगतो की विक्री कार्पेटवर व्हावी. तरी रिसेलमध्ये 'हजार फूट सेलेबल' हीच भाषा चालते. समजा, हजार सेलेबलचं घर ऐंशी लाखांना सांगितलं. रेट आठ हजार, ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्ष कार्पेट ७२५ फूट भरला, तर पाय ठेवायच्या जागेचा रेट अकरा हजारांवर गेला. दोन घरांची तुलना कार्पेटवरच करा, आणि शंका असेल तर टेप घेऊन खोल्या मोजा. घरमालकाला राग येणार नाही, आला तर तोही एक इशारा समजा.

आता पैशांचं गणित, कारण इथे फार जण तोंडघशी पडतात. महापालिका हद्दीतला तोच ऐंशी लाखांचा रिसेल फ्लॅट धरू. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो आणि स्थानिक संस्थेच्या अधिभारासह सात टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार. घर फक्त महिलेच्या नावे घेतलं तर एक टक्का सूट, ऐंशी हजार वाचतात. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली गेली, त्यामुळे या सवलतीचा विचार जरूर करा. नोंदणी फी तीस हजार. तीस लाखांच्या वर आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे चौसष्ट लाख, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत. तुमच्या खिशातून सोळा लाख, अधिक शुल्क आणि फी मिळून जवळपास बावीस लाख. एजंटची दलाली, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि सोसायटीचे पैसे धरले तर तेवीस-चोवीस लाख. फर्निचरचा एक खिळाही अजून ठोकलेला नाही. "वीस टक्के जमलेत" म्हणून टोकन देणाऱ्यांची पुढे सोनं मोडायची आणि नातेवाइकांकडे हात पसरायची पाळी येते ती यामुळेच.

बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो, ऐंशी लाखांवर आणखी चार लाख. पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या आणि पुण्यात नव्वद चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला तो एकच टक्का आहे. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. नव्या घराची आणि तयार घराची तुलना करताना हा फरक पकडा.

चौसष्ट लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी आठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण साडेत्रेपन्न हजार येतो. दर नऊ झाला तर साडेसत्तावन्न. वीस वर्षांत व्याजच चौसष्ट लाखांच्या आसपास, म्हणजे कर्जाइतकंच. हप्ता आपल्याला आठ टक्क्यांनी झेपतो का हे पाहू नका, नऊ-साडेनऊ टक्क्यांनी झेपतो का ते पाहा. २०२२ मध्ये दर वाढले तेव्हा पुष्कळ बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, आणि निवृत्तीनंतरही हप्ते जाणार हे लोकांना खूप उशिरा कळलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याची निवड ग्राहकाला द्या. ती निवड मागा. बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. आणि कर्जाबरोबर गळ्यात मारला जाणारा विमा सक्तीचा नसतो. हवा असेल तर घ्या, कर्जासाठी म्हणून घेऊ नका.

भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात, हे वाक्य तरुण मुलांना फार ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. वरच्या हिशेबात शुल्क, दलाली आणि किरकोळ खर्चाचे मिळून सात-आठ लाख पहिल्याच दिवशी जातात. तीन वर्षांत नोकरी बंगळूरला गेली आणि घर विकावं लागलं, तर भाव किमान तेवढा वाढलेला असला तरच मुद्दल सुटतं. नोकरीचा ठिकाणा नसेल तर भाड्यानं राहा, पैसे साठवा आणि शांतपणे बाजार पाहत राहा. आईवडिलांनी मुलांवर लग्नाआधी घर झालंच पाहिजे असा दबाव आणू नये, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

नव्या प्रकल्पात घर घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर अर्धा दिवस घालवा. प्रकल्पाच्या पानावर घर देण्याची तारीख असते, आणि ती किती वेळा पुढे ढकलली तेही असतं. किती घरं विकली गेली याची माहिती बिल्डरला दर तिमाहीला भरावी लागते, त्यामुळे 'शेवटची दोन युनिट्स' खरंच शेवटची आहेत का तेही तिथे दिसतं. जमिनीवरचा बोजा, कोर्टातली प्रकरणं, मंजूर नकाशे, वकिलाचा टायटल रिपोर्ट, सगळं पाहा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की थेट त्या पानावर जाता येतं.

पण महारेराचा नंबर आहे म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच धरू नका. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. घरं घेणाऱ्यांनी कर्जं काढली होती, दस्त नोंदवले होते. म्हणून बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या बांधकाम विभागाकडून पडताळून घ्या. हे काम वकिलाकडून करून घेतलं तर जो खर्च येईल तो ऐंशी लाखांच्या मानानं काहीच नाही. वकील तुमचा असावा, बिल्डरनं सुचवलेला नको.

नव्या घराच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं बराच उभा आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच खर्च करावे लागतात. ताबा लांबला तर तुम्ही प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे मागू शकता किंवा घर ठेवून विलंबाचं व्याज मागू शकता. बांधकामातले दोष ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात. महारेराच्या वाटपपत्राच्या नमुन्याप्रमाणे पंधरा दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीही कापता येत नाही. हे वाटपपत्र न देता नुसत्या पावतीवर पैसे घेणाऱ्याकडून उठून यावं. आणि पार्किंगचं तोंडी आश्वासन मानू नका. उघड्या जागेतलं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. झाकलेलं पार्किंग घेत असाल तर नंबर, लांबी-रुंदी आणि जागा करारात लिहून घ्या. पिलरमुळे गाडीचं दार उघडत नाही असं नंतर लक्षात येतं आणि मग वर्षानुवर्षं शेजाऱ्यांशी भांडण चालतं.

आता पाण्याबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. घरं आधी झाली, जलवाहिन्या मागून येताहेत. महापालिकेचं पाणी येईपर्यंत आपण पाणी पुरवू, अशी हमीपत्रं बिल्डरांनी बांधकाम परवानगीच्या वेळी दिलेली असतात. ताबा दिला, सोसायटी झाली, की ते हमीपत्र कुणाला आठवत नाही आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. म्हणून त्या भागात घर घेताना दोन गोष्टी करा. ते हमीपत्र बिल्डरकडे मागा. आणि त्याच परिसरातल्या, तीन-चार वर्षं राहत्या असलेल्या सोसायटीच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारा, "दादा, एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर लागतात?" तो लगेच सांगतो. सेक्रेटरी भेटले तर वार्षिक अहवालातला पाण्याचा खर्च पाहू द्या म्हणावं. रिसेलमध्ये तर हा अहवाल मागायलाच हवा. पाण्याचा, लिफ्टचा, सुरक्षारक्षकांचा खर्च आणि थकबाकीदारांची यादी तिथे असते. ज्या सोसायटीत निम्मे सभासद थकबाकीदार आहेत तिथे पुढच्या वर्षी लिफ्ट बंद पडली तर पैसे कुठून येणार, याचा विचार घर घेण्याआधी करावा.

दुसरी बाजू पुराची. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंग आणि तळमजले पाण्याखाली गेले. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामच करता येत नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले छत्तीस बंगले मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. आयुष्याची कमाई घालून बांधलेली घरं होती ती. 'रिव्हर व्ह्यू' म्हणून जास्त रेट मागितला गेला की विकास आराखड्याचा नकाशा काढून सर्व्हे नंबर कुठल्या रेषेत येतो ते पाहा, आणि जुलैत, पाऊस चालू असताना, एकदा त्या जागी जाऊन या.

एवढं सगळं झालं, घर अजूनही हवंसं वाटतंय, मग टोकन द्या. रिसेलमध्ये विसार पावतीवर किंमत, फ्लॅटचं पूर्ण वर्णन, करारनाम्याची शेवटची तारीख, आणि दोन वाक्यं हवीतच. कागदपत्रांत मालकी स्वच्छ निघाली नाही तर टोकन परत. बँकेनं मालमत्तेच्या कारणावरून कर्ज नाकारलं तर टोकन परत. एवढं लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याशी पुढचा व्यवहार करू नये. रक्कम चेकनं किंवा बँकेतून द्या. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. 'थोडे ब्लॅकमध्ये' मागणारा विक्रेता तुमचंच नुकसान करतो. दस्तावर किंमत कमी दिसली की कर्ज कमी मिळतं, आणि पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा न दाखवलेल्या रकमेवरचा कर तुमच्या माथी येतो. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून तो त्या महिन्याच्या अखेरीपासून तीस दिवसांत भरायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचे नियम वेगळे आणि रक्कम बरीच मोठी असते. सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विकणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे येतो. फ्लॅट चांगला, भाव वाजवी, घेणारा तयार, आणि व्यवहार चार महिने अडकलेला, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं, घर वडिलांच्या किंवा आईच्या नावावर आणि ते हयात नाहीत. आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या नावे यजमानांनी नॉमिनेशन केलं होतं. काका गेल्यावर सोसायटीनं शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव लावलं. काकूंना वाटलं, घर आपलं झालं. घेणाऱ्याच्या वकिलानं विचारलं, "मुलं किती? त्यांचं हक्कसोडपत्र कुठे आहे?" एक मुलगी ऑस्ट्रेलियात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. मुलीचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून येईपर्यंत पहिला घेणारा निघून गेला. भावंडांत प्रेम आहे तोवर, विकायचा विचार नसतानाही, हे कागद करून ठेवा.

कर्ज फेडलं असेल तर मूळ कागद घरात आहेत का ते पाहा. डिसेंबर २०२३ पासून बँकेनं पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत ते परत करायचे आहेत, उशिरासाठी दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. बोजा कमी झाल्याची नोंदही झाली पाहिजे. भोगवटा पत्राची प्रत, आधीच्या सगळ्या खरेद्यांचे दस्त आणि इंडेक्स टू, मिळकतकराची ताजी पावती, सोसायटीचा ना-थकबाकी दाखला, वीजबिल, हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलंत तर घेणाऱ्याचा विश्वास पहिल्याच भेटीत बसतो. भाव ठरवताना शेजाऱ्यानं कितीला विकला म्हणतो त्यावर जाऊ नका, ई-सर्चवर पाहा. पहिल्या महिन्यात घर जितक्या लोकांच्या नजरेत येतं तितकं पुढे येत नाही. दहा लाख वर सांगून नंतर उतरत जाणाऱ्या घराबद्दल लोक म्हणू लागतात, याच्यात काहीतरी आहे.

करासाठी एक हिशेब मांडतो. २०२४ च्या जुलैआधी घेतलेलं घर निवासी भारतीयानं विकलं तर त्याला दोन पर्याय आहेत. नफ्यावर सरळ साडेबारा टक्के, किंवा महागाईचा निर्देशांक लावून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. समजा २००५-०६ मध्ये पंधरा लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये ऐंशी लाखांना विकलं. पहिल्या पद्धतीनं पासष्ट लाखांवर सव्वाआठ लाखांहून थोडा कमी कर. दुसऱ्या पद्धतीत निर्देशांक ११७ चा ३७६ झालेला, म्हणून खरेदी किंमत सव्वाअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात, आणि कर सुमारे सहा लाख छत्तीस हजार, अधिभार-उपकर सोडून. पावणेदोन लाखांचा फरक. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर कर वाचतो. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत तसं झालं नाही, तर ती रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायची असते. साध्या मुदत ठेवीत ठेवून ही सवलत गमावलेली माणसं मला माहीत आहेत. आणि शेवटचा रुपया खात्यात जमा होईपर्यंत किल्ली देऊ नका, समोरचा कितीही ओळखीचा असो. "वास्तुशांत तेवढी करून घेतो" म्हणून किल्ली नेलेल्यांकडून उरलेले पैसे वसूल करताना घाम फुटतो.

दस्त झाला की घेणाऱ्यांनी थांबू नये. शेअर सर्टिफिकेटवर नाव, वीज मीटरवर नाव, मिळकतकरावर नाव. पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहणार असाल तर पीटी-३ अर्ज भरून चाळीस टक्के सवलत मिळवा. ती आपोआप लागत नाही, आणि अर्ज न केल्यामुळे पूर्ण कर भरणारी घरं आजही आहेत.

सोसायटीच्या माझ्या सहकाऱ्यांनाही सांगायचं आहे. सभासद घर विकतोय म्हणजे त्याच्याकडून काही काढायची वेळ आली, असं समजू नका. हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार, त्यापुढे 'देणगी' मागणं नियमबाह्य आहे. ना-हरकत आणि ना-थकबाकी दाखले अडवून ठेवू नका. आणि तुमच्या जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) अजून झालं नसेल, तर येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय पहिल्या क्रमांकावर घ्या. बिल्डर सही देत नसेल किंवा सापडत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी पहिली अडचण तिथेच येते, आणि आता तर घेणाऱ्यांचे वकीलही हा प्रश्न विचारू लागले आहेत.